लेथच्या बेडची झीज : एक लेझर, एक कॅमेरा आणि सरळ रेषेचा शोध

(कर्जत येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. फळ्यावर काढलेल्या आकृत्यांचे वर्णन मजकुरात घेतले आहे.)

बाहेर एवढा पाऊस असताना लेथ मशीनच्या बेडची झीज हा विषय ऐकायला इतकी मंडळी आली, याचा मला खरंच आनंद आहे. समोर काही टर्नर-फिटर मंडळी दिसतायत, आयटीआयची मुलं आहेत, आणि पाऊस थांबेपर्यंत टेकलेलेही काही जण असतील. तुम्हा सगळ्यांना समजेल असं बोलायचा प्रयत्न करतो. जाणकारांनी सुरुवातीची पाच मिनिटं सांभाळून घ्यावं.

आपल्या या पट्ट्यात यंत्रं नवी नाहीत. खोपोलीला रेल्वे आली १८५६ साली. घाटातला मार्ग पुरा व्हायला १८६३ उजाडलं. १९१५ मध्ये खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि इथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. १९२२ मध्ये आपल्या भिवपुरीचं केंद्र आलं. पुढे खोपोली-खालापूर भागात पोलादाचे, पाइपांचे कारखाने उभे राहिले, आणि प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या सावलीत छोटी वर्कशॉप्स आली. दोन लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंग सेट आणि चार माणसं. आजची गोष्ट अशाच एका वर्कशॉपची आहे. नाव सांगत नाही, कारण त्याची गरज नाही.

परत आलेले रोलर

खोपोलीजवळच्या या वर्कशॉपचे मालक साठीच्या पुढचे आहेत. सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांचा फोन आला, "सर, माल परत आलाय. टेपर येतोय म्हणतात. लेथ बघणाऱ्याला बोलावलं, तो म्हणतो बेड गेलाय, काढून ग्राइंडिंगला पाठवा. नाहीतर भंगारात घाला आणि दुसरा घ्या. काय करू?"

काम साधं होतं. चकमध्ये धरून ३०० मिलिमीटर लांबीचे रोलर टर्न करायचे. पूर्ण लांबीत व्यासातला फरक ३ शतांश मिलिमीटरच्या आत हवा, म्हणजे ०.०३. येत होता ५ शतांश. चकजवळ व्यास जास्त, दुसऱ्या टोकाला कमी.

आता बेड ग्राइंडिंग म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. मशीन पूर्ण उघडायचं, बेड ट्रकवर चढवून मोठ्या शहरात न्यायचा, घासून आणायचा. बेड खाली गेला की कॅरेजही खाली जातं, मग लीड स्क्रू आणि फीड रॉड त्याच्याशी जुळत नाहीत, ती उंची पुन्हा भरून काढावी लागते. या सगळ्यात मशीन कित्येक आठवडे बंद. छोट्या वर्कशॉपमध्ये दोनपैकी एक लेथ बंद म्हणजे निम्मी कमाई बंद. त्यामुळे "बेड गेलाय का?" हा प्रश्न काकांसाठी घरखर्चाचा होता. आणि असा प्रश्न अंदाजाने सोडवू नये, मोजून सोडवावा. आजचं भाषण त्या मोजण्याबद्दल आहे.

बेड झिजतो कुठे?

ज्यांनी लेथ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी. डाव्या हाताला हेडस्टॉक. त्यात फिरणारा स्पिंडल, स्पिंडलवर चक, चकमध्ये धरलेला जॉब. जॉब गोल फिरतो. त्याला कापणारं टूल कॅरेजवर बसवलेलं असतं आणि कॅरेज बेडवरून डावीकडे-उजवीकडे सरकतं, रुळावरून डबा जावा तसं. बेडवर पुढे एक आणि मागे एक असे रूळच असतात. बहुतेक लेथवर पुढचा रूळ उलट्या 'व्ही'सारखा असतो.

टूल जर स्पिंडलच्या अक्षाला अगदी समांतर गेलं तर जॉब सिलिंडर होतो. ते वाट सोडून आत-बाहेर गेलं, तर ती वाकडी वाट जॉबवर उमटते. लेथ स्वतःचीच नक्कल काढत असतो असं म्हणा.

आणि झीज सगळीकडे सारखी होत नाही. घाटातल्या रुळांचंच बघा. चढ आहे ३७ला १, त्यात वळणं. तिथले रूळ सपाटीवरच्या सरळ रुळांपेक्षा लवकर झिजतात. लेथवर बहुतेक जॉब आखूड असतात, म्हणून कॅरेजची सगळी येरझार चकजवळच्या हातभर भागात होते. बिडाचा बारीक चुरा, स्केल आणि तेल यांची जी पेस्ट होते, ती तिथेच घासत राहते. शेवटच्या टोकाला मात्र कॅरेज वर्षातून चार वेळा जातं. म्हणून जुन्या लेथचा बेड चकजवळ खोलगट आणि टेलस्टॉककडे नव्यासारखा असतो. त्यातही पुढचा रूळ जास्त झिजतो, कारण कापतानाचा जोर मुख्यतः त्याच्यावर येतो.

बेड किती खाली गेला, की टूल कुठे गेलं?

इथे थोडा हिशेब करू. फळ्यावर बघा. जॉबचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या २५. समजा झीज झाल्यामुळे टूल सरळ खाली गेलं, ०.०५ मिलिमीटर. जॉबच्या त्रिज्येत किती फरक पडेल? पायथागोरस लावा. ०.०५चा वर्ग भागिले दुप्पट त्रिज्या. उत्तर येतं ०.००००५ मिलिमीटर. तुमच्या मायक्रोमीटरला ते दिसणारही नाही.

आता दुसरी स्थिती. फक्त पुढचा रूळ ०.०५ खाली गेला, मागचा तसाच. म्हणजे कॅरेज पुढे, टर्नरच्या अंगावर कललं. दोन रुळांमधलं अंतर ३०० मिलिमीटर आणि टूलचं टोक रुळांच्या २०० मिलिमीटर वर आहे असं धरा. पुढचा रूळ जेवढा खाली गेला त्याच्या दोन-तृतीयांश टूल आडवं सरकणार. ०.०५ गुणिले २०० भागिले ३००, म्हणजे ०.०३३. ते अक्षापासून दूर जातं, म्हणून व्यास ०.०६६ने वाढतो. साडेसहा शतांश! तेवढीच झीज, पण परिणाम शेकडो पटींनी मोठा.

यातून काय शिकायचं? बेडवर पट्टी ठेवून "इथे पाच शतांश खड्डा आहे" एवढं कळून भागत नाही. त्या खड्ड्यामुळे टूलचं टोक आडवं किती हललं, ते कळायला हवं. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये मोजमापाचं एक तत्त्व मांडलं. सोप्या भाषेत सांगायचं तर, जे मोजायचं आहे त्याच्याच रेषेत मोजपट्टी ठेवा. बाजूला ठेवाल तर कलण्याची चूक आत शिरेल. आपणही तेच करणार आहोत. टूलचं टोक जिथे असतं, तिथेच मोजणार.

सरळ रेषा आणायची कुठून?

मोजायचं म्हणजे एक सरळ रेषा हवी. आपला गवंडी काय वापरतो? ओळंबा, पाणसळ आणि ताणलेला दोरा. मोठी यंत्रं बसवणारे फिटर आजही ताणलेली पियानोची तार वापरतात. पण तार मध्ये लोंबते, म्हणून ती आडव्या दिशेला विश्वासाची, उभ्या दिशेला नाही. पोलादी स्ट्रेटएज चांगला, पण दीड मीटरचा खरा स्ट्रेटएज छोट्या वर्कशॉपमध्ये कुठून येणार? आणि तो खरा आहे हे तपासणार कशावर?

या शेवटच्या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर आहे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४० मध्ये सपाट पृष्ठभाग तयार करण्यावर निबंध वाचला. त्याची रीत अशी. तीन प्लेट घ्यायच्या आणि त्या आलटून-पालटून एकमेकींवर जुळवत स्क्रेप करायच्या. दोनच प्लेट असतील तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट राहून त्या एकमेकींना फसवू शकतात. तिघी एकमेकींना जुळल्या तर मात्र सपाट असण्यावाचून त्यांना पर्याय नाही. म्हणजे आधी कुठलीही खरी वस्तू हातात नसताना, अदलाबदल करून खरेपणा मिळवता येतो. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपण दोऱ्याऐवजी प्रकाशाचा किरण घेऊ. त्याला वजन नाही, तो लोंबत नाही. आणि किरण कुठे पडला ते बघायला डोळ्याऐवजी कॅमेरा घेऊ. हे काही जगावेगळं नाही. आपल्या रेल्वेच्या ट्रॅक रेकॉर्डिंग गाड्यांतही रूळ न शिवता मोजायला लेझर आणि कॅमेरे असतात. आपण तेच गरिबाघरी करतोय एवढंच.

मांडणी

सामान सांगतो. फोकस करता येणारा एक छोटा लाल लेझर, १ मिलिवॅटच्या आतला. एक जुना वेबकॅम. एक लॅपटॉप. आणि एक पीव्हीसी पाइप, त्याचं काम नंतर सांगतो.

वेबकॅमची पुढची लेन्स काढून टाकायची. आत नखाएवढा सेन्सर उघडा पडतो. हा आपला 'कागद'. साधारण ३ मायक्रॉनचा एक पिक्सेल आणि आडवे १२८० पिक्सेल धरले, तर सगळा कागद पावणेचार मिलिमीटर रुंद. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हा कॅमेरा टूलपोस्टमध्ये धरायचा, सेन्सरचं तोंड चककडे आणि मध्य टूलच्या टोकाच्या उंचीवर.

लेझर कुठे बसवायचा? पहिल्यांदा सगळे म्हणतात, बेडच्या टोकाला क्लॅम्प करा. पण मग तो बेडशी समांतर आहे का, हा नवा प्रश्न. शिवाय आपल्याला बेडशी काही देणंघेणं नाही, आपल्याला स्पिंडलचा अक्ष हवा आहे. म्हणून लेझर चकमध्ये धरायचा, जॉबच्या जागी.

"पण सर, तो बरोबर मध्यावर कसा धरणार?" धरायचाच नाही. इथेच गंमत आहे. लेझर थोडा तिरका बसला तरी चालेल. चक हाताने फिरवा. ठिपका सेन्सरवर एका वर्तुळात फिरेल. त्या वर्तुळाचा मध्य म्हणजे स्पिंडलचा अक्ष. लेझर कितीही वाकडा असला तरी तो अक्षाभोवतीच फिरणार, दुसरं जाणार कुठे? व्हिटवर्थच्या तीन प्लेटसारखंच आहे हे. वस्तू खरी नसली तरी ती फिरवून खरी रेषा काढता येते.

एक पथ्य पाळा. वर्तुळ शक्य तितकं छोटं ठेवा. एक तर ते सेन्सरच्या बाहेर जाता कामा नये. दुसरं असं की समजा तुम्ही समोरासमोरच्या दोनच जागा घेऊन मध्य काढला, वर्तुळाची त्रिज्या १ मिलिमीटर आहे आणि चक १८० ऐवजी १७९ अंश फिरवला. मध्यात ८-९ मायक्रॉनची चूक शिरली! तीच त्रिज्या ०.२ असेल तर चूक २ मायक्रॉनच्या आत. म्हणून फोर-जॉ चकमध्ये लेझर होता होईल तो मध्यावर आणा, आठ-दहा जागी ठिपका टिपा आणि मग संगणकाला वर्तुळ बसवू द्या. खुणेवर चक थांबवायची कटकटच उरत नाही.

ठिपक्याचा मध्य

लाल ठिपका काही सुईच्या टोकाएवढा नसतो. तो मिलिमीटरभर पसरलेला असतो, कडा धूसर. मग ३ मायक्रॉनचा पिक्सेल काय कामाचा?

प्रत्येक पिक्सेलवर किती उजेड पडला ते कॅमेरा आकड्यात सांगतो. त्या आकड्यांना वजन समजा. ठिपका म्हणजे पुठ्ठ्यावर पसरलेली धान्याची रास. तो पुठ्ठा बोटावर तोलायचा तर बोट कुठे ठेवाल? तो बिंदू म्हणजे राशीचा गुरुत्वमध्य. रास कितीही पसरलेली असो, तोल साधणारा बिंदू एकच. हजारो पिक्सेलचा सरासरी निकाल असल्यामुळे हा बिंदू पिक्सेलच्या दहाव्या हिश्शापर्यंतही कळतो. कागदावर ०.३ मायक्रॉन. प्रत्यक्ष वर्कशॉपमध्ये २-३ मायक्रॉन विश्वासाने मिळाले तरी मी खूश असतो.

ठिपक्याचा मधला भाग पांढराफटक दिसत असेल तर सेन्सर भरून वाहतोय, ते मोजमाप फुकट. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर बंद करा, कॅमेऱ्यासमोर गडद काच लावा. गॉगलची पोलरायझर काच मात्र लावू नका. या लेझरचा प्रकाश ध्रुवित असतो, चक फिरवला की पोलरायझरमुळे ठिपका कधी उजळ, कधी अंधुक होईल. आणि मुलांनो, लेझर १ मिलिवॅटचा असला तरी त्यात डोळा घालून बघायचं नाही. चकचकीत चकवरून परावर्तित झालेला किरणसुद्धा किरणच असतो.

खरा शत्रू : हवा

पहिल्या दिवशी काकांच्या वर्कशॉपमध्ये ठिपका जागेवर थांबेना. लाटेवरच्या होडीसारखा हलत होता. पंखा बंद केला, थोडा शांत झाला. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला चहाला पाठवलं, अजून शांत झाला.

गरम हवा विरळ असते आणि तिच्यात प्रकाश किंचित वेगाने जातो. म्हणून एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला गार हवा असेल तर किरण गार बाजूला वाकतो. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर पाणी असल्याचा भास होतो, तोच हा प्रकार. हिशेब करून सांगतो. १० सेंटिमीटरमध्ये १ अंशाचा फरक असेल तर १ मीटर अंतरावर किरण साधारण ५ मायक्रॉन ढळतो. २ मीटरवर तो २० मायक्रॉन होतो, कारण अंतर दुप्पट झालं की ढळणं चौपट होतं.

उपाय म्हणजे तो पीव्हीसी पाइप. किरण पाइपातून न्यायचा, म्हणजे वाऱ्याची झुळूक लागत नाही. प्रत्येक जागी एका फोटोऐवजी शंभर फोटोंची सरासरी घ्यायची. आणि पहाटे मोजायचं, पत्रा तापायच्या आत. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. तिच्या भुजा ४ किलोमीटर लांब आणि लेझर जाणार तो हवा काढून टाकलेल्या नळीतून. हवा नको हे त्यांचंही दुखणं आहे. त्यांची नळी निर्वात, आपली पीव्हीसीची.

आणखी दोन गोष्टी. लेझर चालू केल्यावर अर्धा तास तापू द्या. तापताना त्याचा किरण सरकतो. आणि लेझर हलका व घट्ट हवा. तो स्वतःच्या वजनाने लवत असेल तर ते लवणं नेहमी खालच्याच दिशेला राहतं, चक फिरवून ते कापलं जात नाही. आपल्याला मुख्यतः आडवं मोजायचं आहे, म्हणून त्यातून वाचतो, पण उभ्या आकड्यावर जपून विश्वास ठेवा.

आकडा खरा कशावरून?

कुठलंही नवं मोजमाप असो, आधी त्यालाच तपासायचं. मी तीन तपासण्या करतो.

पहिली : कॅरेज न हलवता क्रॉस स्लाइड डायल गेज लावून ०.१० मिलिमीटर सरकवायची, एकाच दिशेने, म्हणजे स्क्रूचा ढिलेपणा मध्ये येत नाही. कॅमेराही १०० मायक्रॉनच्या आसपास सांगतो का? सांगत नसेल तर पिक्सेलचं माप चुकलंय किंवा सेन्सर तिरका बसलाय.

दुसरी : कॅमेरा हात न लावता अर्धा तास तसाच ठेवायचा आणि मोजत राहायचं. काहीच हललेलं नसताना आकडा जेवढा हलतो, तेवढी आपली अनिश्चितता. त्याहून लहान खड्डा 'सापडला' असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही.

तिसरी : चकपासून टोकापर्यंत मोजत जायचं आणि पुन्हा मोजत परत यायचं. सुरुवातीचा आकडा पुन्हा मिळायला हवा. जमीन मोजणाऱ्यांना हे माहीत आहे. निघालो तिथे परत येऊन हिशेब जुळला तरच मोजणी खरी.

काकांच्या लेथचा आलेख

दर १०० मिलिमीटरवर कॅरेज थांबवलं आणि प्रत्येक जागी वर्तुळाचा मध्य काढला. आकडे गोल करून सांगतो. टेलस्टॉककडे जाताना दर १०० मिलिमीटरला टूल अक्षाकडे ६ मायक्रॉन सरकत होतं, सलग, एकाच उतारात, शेवटपर्यंत. आणि त्या सरळ उतारावर चकजवळ ८ मायक्रॉनचा एक छोटा खळगा होता, तो ३०० मिलिमीटरपर्यंत विरून जात होता.

आता बघा. ३०० मिलिमीटरमध्ये उतार झाला १८ मायक्रॉन, व्यासात ३६. खळग्याचे ८, व्यासात १६. बेरीज ५२. पाच शतांश. रोलरवर जो टेपर मिळत होता, तोच.

झीज आणि उतार दोन्हींमुळे चकजवळ व्यास वाढत होता. म्हणून नुसता जॉब मोजून "बेड गेलाय" म्हणणारा माणूस अगदी मूर्ख नव्हता. लक्षण झिजेचंच होतं. पण आलेखाचा आकार वेगळं सांगत होता. झीज कधी सरळ रेषेत शेवटपर्यंत जात नाही. जिथे कॅरेज फिरलेलंच नाही तिथे झीज येणार कुठून? सलग उतार दिसला तर दोनच संशयित. एक तर हेडस्टॉक फिरलाय, नाहीतर बेडला पीळ पडलाय.

मग पाणसळ काढली. गवंड्याची नव्हे, मशीनची, एका घराला मीटरमागे ०.०२ मिलिमीटर दाखवणारी. ती बेडवर आडवी ठेवून चकजवळ आणि तिथून ६०० मिलिमीटरवर बघितलं, तर ९ घरांचा फरक. टेलस्टॉककडची भिंतीची बाजू खाली गेली होती. हिशेबही जुळतो. ९ घरं म्हणजे मीटरमागे ०.१८, टूलची उंची २०० मिलिमीटर, टूल सरकलं ३६ मायक्रॉन. आणि कॅमेऱ्याने ६०० मिलिमीटरमध्ये उतार दाखवला होता तोही सहा सक छत्तीस. दोन अगदी वेगळ्या साधनांनी एकच उत्तर दिलं. अशा वेळी मला मनापासून बरं वाटतं.

भिंतीकडची बाजूच का खचली? वर बघितलं तर पत्र्याची पन्हळ फुटलेली. पावसाळाभर पाणी त्या कोपऱ्यात मुरत होतं. शेतजमिनीवर भराव घालून बांधलेली शेड, खाली पातळ कोबा. तुमच्या-माझ्या घराच्या ओट्याला जे होतं, तेच लेथच्या पायाला झालं. काका म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी मशीनला शिव्या देत होतो, आणि दोष पन्हळीचा!"

पन्हळ दुरुस्त केली. तो कोपरा खणून काँक्रीट भरलं, ते पक्कं होईपर्यंत थांबलो. मग पायांखालच्या शिम बदलून आणि बोल्ट थोडे थोडे आवळून बेडचा पीळ काढला. पुन्हा मोजलं. उतार गेला, खळगा राहिला. टेपर दीड शतांशावर आला. माल पास झाला.

पण सगळं गोड झालं असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. त्यांचा दुसरा, जास्त जुना लेथही त्याच दिवशी मोजला. तिथे उतार नव्हता, चकजवळ खोल खड्डाच होता, आणि तो कुठल्याही बोल्टने जाणारा नव्हता. त्या मशीनवर त्यांनी स्वतः तीस वर्षं काम केलं होतं. आलेख बघून काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा खड्डा माझ्याच हाताचा आहे." तो लेथ आता रफ कामाला ठेवलाय. भंगारात मात्र दिला नाही.

या पद्धतीला काय कळत नाही

मशीन थांबलेलं असताना आपण मोजतो. कापताना जोर आल्यावर कॅरेज किती उचललं जातं, स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये खेळ किती, जॉब स्वतः किती वाकतो, हे या मोजणीला दिसत नाही. बेड झिजला की कॅरेजची खालची बाजूही झिजते. कॅमेऱ्याला दोघांची बेरीज दिसते, वाटणी नाही. म्हणून शेवटचा निकाल नेहमी जॉबवर लावायचा. एक जाडसर बार चकमध्ये धरा, चकजवळ आणि टोकाला अशा दोन पट्ट्या एकाच सेटिंगवर हलका कट घेऊन टर्न करा आणि व्यास मोजा. कॅमेरा कारण सांगतो, जॉब निकाल सांगतो.

आपल्याकडे अजून हजारो जुने लेथ चालू आहेत. १९४१ मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर सुरू झाली, १९५३ मध्ये बंगळूरला एचएमटी आली. त्या काळापासूनची मशीनं कित्येक वर्कशॉपमध्ये आजही पोट भरतायत. त्यातली काही खरंच थकली आहेत. पण काहींच्या पायाखाली फक्त पाणी मुरलंय. दोन्हींमधला फरक ओळखल्याशिवाय कुणाला भंगारात पाठवू नये, एवढंच माझं म्हणणं.

प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : सर, पाणसळीनेच पीळ कळला, मग कॅमेऱ्याची गरज काय होती?*

चांगला प्रश्न. पाणसळ फक्त कलणं सांगते. 'व्ही'ची एक बाजू जास्त झिजून कॅरेज न कलता आडवं सरकलं, किंवा हेडस्टॉकच फिरला, तर पाणसळ गप्प बसते. कॅमेरा टूल किती सरकलं ते सांगतो, पण का ते सांगत नाही. दोन्ही मिळून उत्तर येतं. घरात पाणसळ चांगली असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करा.

*प्रश्न : मोबाइलचा कॅमेरा चालेल का?*

मोबाइलची लेन्स काढता येत नाही, काढलीत तर घरचे तुम्हाला काढतील. लेन्स असेल तर दुधी कागदावर ठिपका पाडून त्याचा फोटो घेता येतो, पण कागदाच्या कणांमुळे ठिपका दाणेदार दिसतो आणि अचूकता कमी होते. शिकायला ठीक. निर्णय घ्यायला उघडा सेन्सरच बरा.

*प्रश्न : आमच्या आयटीआयमध्ये लेथ आहे. कुठून सुरुवात करू?*

मोजण्यापासून नको, न मोजण्यापासून करा. कॅमेरा आणि लेझर बसवा, काहीही हलवू नका आणि एक तास आकडे लिहून घ्या. पंखा लावा, बंद करा, दार उघडा, बेडवर हात टेकवा. काहीच बदललेलं नसताना आकडा किती बदलतो ते आधी बघा. ते एकदा कळलं की पुढचं मोजणं सोपं आहे.